कोमल दाराशी आली होती

प्रिय मावशी,

तुम्हाला जाऊन सात महिने झाले. परवा रविवारी पाळकसाहेबांनी मुलींसाठी प्रार्थना करायला मला उभं केलं आणि माझ्या तोंडून शब्दच फुटेना. मी तशीच खाली बसले. का, ते इथं शेवगावात कुणाला सांगता येत नाही, म्हणून तुम्हाला लिहितेय.

आपल्या कोमलचं लग्न झालं. आईबाप ऊसतोडीला गेले की चुलत्याकडं राहायची, शनिवारी चर्चमधल्या तुमच्या मुलींच्या वर्गाला सगळ्यांत आधी यायची, ती कोमल. सोळा वर्षांची आहे हो! तिला काष्टीकडं दिली.

लग्नाआधी ती माझ्याकडं आली होती, मावशी. हे मी अजून कुणाजवळ बोलले नाही. चर्चच्या हॉलमध्ये नाताळच्या गाण्यांची तालीम चालली होती. ती दाराशी येऊन म्हणाली, "ताई, जरा बसू का तुमच्यापाशी?" मी म्हटलं, आज गडबड आहे, शनिवारी ये. ती मान हलवून गेली. शनिवारी आली नाही, पुढच्या शनिवारीही नाही. आजारी असेल, असं मी धरून चालले. तिच्या चुलत्याचं घर दहा मिनिटांवर आहे. मला जाता आलं नसतं का?

तुम्ही गेला असतात. आई वारली तेव्हा मी पंधराची होते. शाळा सोडून, बोलणं टाकून घरात पडून होते. दवाखान्यातली ड्यूटी संपवून तुम्ही नर्सच्या साडीतच यायचात आणि माझ्या केसांचा गुंता तेल लावून रोज थोडा थोडा सोडवायचात. प्रार्थनेचं नावही काढलं नाहीत. शेवटी मीच विचारलं, तुम्ही का येता? म्हणालात, "तू जेवत नाहीस, म्हणून." त्या उत्तरामुळं मी चर्चची पायरी चढले. तुम्हाला हे कधी सांगितलंच नाही.

तुमचा रागही येतो. पोटातलं दुखणं सगळ्यांपासून लपवलंत. वर्गाची किल्ली माझ्या हातात ठेवून 'प्रभू शिकवील' म्हणालात. कधी शिकवील? मी गुडघे टेकते आणि मला काहीच ऐकू येत नाही.

गेल्या गुरुवारी एसटी बदलत काष्टी गाठली. सासूनं पाणी दिलं आणि समोरच बसून राहिली. कोमलनं मान वर केली नाही. सासू गुरांकडं गेली तेवढ्यात ती म्हणाली, "मावशी असत्या तर काय झालंय म्हणून इचारलं असतं. तुमी इचारलंच न्हाई."

मग तिनंच हळू आवाजात विचारलं, दहावीचं हॉल तिकीट आलं का. तेही मला ठाऊक नव्हतं. निघताना सासूनं बजावलं, परत येऊ नका.

वर्ग बंद करावा, असं रोज वाटतं. ज्या मुलींची नावं घेऊन तुम्ही रडायचात, त्या माझ्या हाती सुरक्षित नाहीत. तुमच्या देवानं माणूस चुकीचं निवडलं, मावशी.

तरी उद्या शाळेत जाऊन ते हॉल तिकीट घेते आणि काष्टीला जाते. सासू दार लावील. लावू दे, मी पुन्हा जाईन. परीक्षेपर्यंत जाईन, परीक्षेनंतरही जाईन. प्रार्थना मला पुन्हा जमेल की नाही, सांगता येत नाही. कोमलला मात्र मी एकटी सोडणार नाही. एवढंच वचन देऊ शकते.

तुमची,
एस्तेर