पाणी पिणारी जाळी

३ ऑक्टोबर
आलो एकदाचे! लाँड्री छोटीच, पण आपली. दोन धुलाई मशिनं, इस्त्रीचं टेबल, मागे झोपायला एक खोली. नवरा बोटीवर नोकरीला, म्हणून सोबतीला नणंदबाई. निघताना त्याने दहादा बजावलं, तिला जप म्हणून. जसं काही मी तिला बाजारात विकणार आहे! नणंदबाईंचं नाक मात्र भारी तिखट. पाऊल टाकताच म्हणाली, वहिनी, इथे काहीतरी कुजलंय. खरंच, सडक्या अंड्यांसारखा वास होता. मशिनांसमोर फरशीत लोखंडी जाळी आहे, तिथूनच येतो.

५ ऑक्टोबर
प्लंबर येऊन गेला. जाळीखालच्या वाकड्या पाइपात पाणी साठून राहिलं की गटाराचा गॅस वर येत नाही. दुकान बंद होतं, पाणी सुकलं, एवढंच. रोज बादलीभर पाणी पाजा तिला, म्हणाला. पाणी ओतलं आणि वास गायब. आम्ही दोघी नाचायच्याच बाकी होतो.

८ ऑक्टोबर
सकाळी पाइप कोरडा ठणठणीत. जाळी घासली, फिनेल टाकलं, पुन्हा बादली ओतली. दुपारी आतून घोट घेतल्यासारखा आवाज आला, आणि परत कोरडा. हिला तहान फार, असं म्हणून नणंद हसली. पाइप तडकला असेल, फरशी फोडावी लागेल, पुढच्या आठवड्यात बघू, असं प्लंबरने फोनवर सांगितलं. पुढच्या आठवड्यापर्यंत आम्ही काय श्वास रोखून बसायचं?

११ ऑक्टोबर
बादल्यांवर बादल्या. आम्ही तिला पाणी पाजतोय की ती आम्हाला, तेच कळेना. डोकं ठणकतं, डोळे चुरचुरतात. नणंद जेवत नाही. जाळीला कान लावून बसते, आतून कुणीतरी पाणी मागतं म्हणे. मी ओरडले तिच्यावर. मग मलाच रडू आलं.

१३ ऑक्टोबर
वास गेला! पाणी न ओतताच गेला. गिऱ्हाइकं मात्र दारातूनच नाक दाबून परत फिरतात. नखरे नुसते. पण नणंदेला साबणाचाही वास येत नाही. बंद डब्यात काय आहे ते ओळखणारी ही पोरगी — आणि मलाही येत नाही.

१४ ऑक्टोबर
रस्त्यावरच लिहितेय. दूध आणायला निघाले, तर चक्कर आली. प्लंबरला फोन लावला. वास थांबला म्हटल्यावर वाटलं, शाबासकी देईल. तो ओरडलाच. गॅस वाढला की आधी नाक मरतं, आत कुणी असेल तर बाहेर काढा म्हणाला. ती आत झोपलीय. शटर अर्धं खाली —

परत आले. ती खोलीत नाही. जाळीवर पालथी पडलीय, हातात रिकामी बादली. हाका मारल्या, ओ देत नाही. ओढत गल्ल्यापर्यंत आणली. पुढे पाय उचलेना, टेकले. प्लंबर निघालाय. तोवर जागं राहायचं म्हणून लिहितेय —

शटर समोर आहे. हात पोचत नाही.

आतून परत तो घोट —

ती हलली. नाही. माझाच हात होता.

तिच्या तोंडापाशी गाल नेला. काही लागत नाही. नाकासारखा गालही मेला असेल, म्हणून काही — तसंच असेल — देवा, तसंच असू दे — जरा पडते, मग तिला —