बस, आठपर्यंत

माझे डोके ठिकाणावर आहे, असे काल सकाळी डॉक्टरांनी तपासून लिहून दिले. तो दाखला या कागदाला टाचला आहे. त्यांनी मला एक ते वीस मोजायला सांगितले. मी आठपर्यंत मोजून थांबलो. डॉक्टरांनी चष्मा काढून माझ्या बायकोकडे पाहिले. ती म्हणाली, "घाबरू नका. खाली पडलेला माणूस आठला उठतो, दहाला हरतो. हे आठच्या पुढे कधी मोजतच नाहीत." मग मी उरलेले बारा आकडे उलटे म्हणून दाखवले, तेव्हा कुठे सही मिळाली.

तर मी, वय वर्षे सदुसष्ट, बॉक्सिंगचा माजी हेवीवेट विजेता, रिंगमध्ये आणि रिंगबाहेर 'कपाट' या नावाने ओळखला जाणारा, हा कागद राजीखुशीने लिहीत आहे. माझ्यावर दडपण आणायची हिंमत आजवर तिघांनीच केली. त्यांपैकी दोघे वारले आणि तिसरी आत चहा टाकते आहे. यापूर्वी मी काही लिहून ठेवले असेल तर ते रद्द समजावे. त्यात फ्रीजवर चिकटवलेली चिठ्ठीही आली.

१. राहते घर पत्नीला. कागदावर ते माझे होते, चालत तिचेच होते. आता कागदही तिचाच. बैठकीच्या छताला सरावाच्या पिशवीसाठी मी ठोकलेला हूक आहे. त्यावर ती गेली वीस वर्षे माझेच लेंगे वाळत घालते. तो हूक तिने काढू नये. छत त्याच्यावरच तगून आहे, असा मला संशय आहे.

२. बँकेत जे असेल ते पत्नी व मुलगी यांनी निम्मे निम्मे घ्यावे.

३. धाकट्या भावाला मी गादी देतो. काही काळ तो माझ्या लढतींची आणि कमाईची व्यवस्था पाहत होता. त्या काळात त्याने मला एका गादीवाल्याच्या जाहिरातीत उभे केले, खरे म्हणजे आडवे केले. वाक्य असे होते: 'पडा, पण आमच्याच गादीवर.' त्यानंतर प्रत्येक लढतीत मी नुसता डगमगलो तरी मागच्या रांगांतून लोक ओरडत, "गादी आणा." मोबदल्यात आयुष्यभर पुरेल अशी गादी मिळाली. ती अजून शाबूत आहे. भावाने तिच्यावर झोपावे आणि विचार करावा.

४. माझ्याकडे दोन पट्टे आहेत. पहिला जाड कापडाचा, फर्निचर वाहायचा. तो मी ज्या व्यायामशाळेत शिकवतो तिला द्यावा, आणि आरशाशेजारी टांगावा, म्हणजे पोरे आरशात कमी पाहतील.

हा पट्टा मी अठराव्या वर्षी खांद्यावर घेतला. घरसामान हलवणाऱ्या कंपनीत आम्ही दोघांची जोडी होतो, मी आणि माझ्याहून तीन वर्षांनी लहान असलेला एक ताडमाड मुलगा. पुढे त्याच्या बहिणीशी माझे लग्न झाले, म्हणून यापुढे त्याला मेहुणा म्हणतो. कपाट जिन्याने चढवताना वरचा माणूस वाट दाखवतो आणि खालचा वजन घेतो. खाली बहुतेक वेळा मेहुणाच असे. आमचा मुकादम जिन्याच्या तोंडाशी उभा राहून आमचे पाय बघायचा. पाय लटपटले की ओरडायचा, "बस, आठपर्यंत!" म्हणजे आहात तिथे गुडघ्यावर टेका, आठ मोजा, मग उचला. सातला उचलले की शिवी मिळे. हा मुकादम संध्याकाळी गोदामामागे बॉक्सिंग शिकवत असे. तिथे आम्ही त्याला मास्तर म्हणत असू. शिव्या त्याच राहत.

५. काळ्या डबीतले दोन दात मुलीला. ते तिच्या मामाचे आहेत. मी पाडले तेव्हा तिचा जन्मही झाला नव्हता. पुढे ती दातांची डॉक्टर झाली आणि तिने मामाला नवे बसवले. "बाबा, तुम्ही पाडायचं आणि मी बसवायचं, हा काय घरचा धंदा आहे का?" असे ती म्हणते. मेहुणा आमच्या घरात कधी बसत नाही. सणासमारंभाला येतो, उंबऱ्यात उभा राहतो, बहिणीच्या हातात पिशवी देतो. मी "बस रे" म्हटले की निघतो. तो बसतो फक्त मुलीच्या दवाखान्यातल्या खुर्चीत. तिथे बसून तोंड उघडावे लागते, पण बोलावे लागत नाही.

६. हे कलम लिहायला मी चार दिवस घेतले. ते कोणी गाळू नये.

छत्तीस वर्षांपूर्वी विजेतेपदाची लढत माझी आणि मेहुण्याची झाली. मास्तर दोघांचाही होता, पण लढतीत उभे राहायला कोपरा एकच निवडायचा असतो. त्याने मेहुण्याचा निवडला. त्याचा राग मी अकरा वर्षांपूर्वी त्याला खांदा देईपर्यंत धरला. बायको त्या दिवशी सभागृहात दारापाशी उभी होती. कोणाच्याच बाजूची खुर्ची तिला नको होती.

सहाव्या फेरीपर्यंत मेहुणा पुढे होता. माझा डावा डोळा मिटला होता. मी उजवा हात दुसरा डोळाही मिटूनच फिरवला आणि तो नेमका त्याच्या जबड्यावर बसला. मेहुणा एका गुडघ्यावर गेला. पंचाने मोजायला सुरुवात केली. तिसऱ्या आकड्याला मेहुणा घाईने उठू लागला. पाय लटपटत होते. मास्तरने टॉवेलचा हात खाली दाबत जिन्यावरची हाक मारली: "बस, आठपर्यंत!"

सभागृहात इतका गलका होता की पंचाला पहिलाच शब्द ऐकू आला. बस म्हणजे पुरे. त्यात टॉवेल हलताना दिसला, म्हणजे कोपऱ्याने हार मानली. पंचाने दोन्ही हात हवेत फिरवले आणि लढत थांबवली. मी विजेता झालो.

मास्तरने तक्रार केली. दुसऱ्या दिवशी संघटनेच्या कार्यालयात तिघे जण टेबलामागे बसले होते. आरडाओरड्यात हाक ऐकू येईल इतक्या जवळ पंच आणि मेहुणा सोडले तर मीच होतो. त्यांनी मला विचारले, "काय ऐकलंत?"

"बस ऐकलं," मी म्हणालो.

"पुढे काही?"

"तोंडात रबर, कानात घाम. पुढे काही नाही."

मास्तर भिंतीला टेकून उभा होता. मेहुणा माझ्याकडे बघत राहिला. तेरा वर्षे आम्ही दोघांनी ती हाक ऐकली होती. ती मला कशी ऐकू आली असेल, हे जगात त्याच्याइतके कोणालाच माहीत नव्हते.

आज लिहून देतो की मी ती पूर्ण ऐकली होती. तो आठला उठला असता तर मी आणखी एक मिनिट टिकलो असतो, फार तर दीड. त्याला पुन्हा लढत मिळाली नाही. तो परत जिन्यांवर गेला. मी पुढे पाच वर्षे विजेतेपद राखले. त्या लढती माझ्या आहेत, त्यांच्यावर कोणी बोट ठेवू नये. पहिली माझी नाही.

मेहुण्याला या कागदावर साक्षीदार करायचे माझ्या मनात होते. वकील म्हणाले, "ज्याला काही मिळतं त्याने साक्ष द्यायची नसते." हा नियम त्या कार्यालयात कोणाला सुचला असता तर हे कलम लागले नसते.

७. दुसरा पट्टा, विजेतेपदाचा, मेहुण्याला. बकल घासून ठेवले आहे. कलम सहाची एक प्रत संघटनेला पाठवावी. तिथे आता कोण बसते ते मला ठाऊक नाही, पण टेबल तेच असेल.

एवढे लिहून मी थांबणार होतो. वकील म्हणाले, "काळजी करू नका, हे सगळं तुमच्या मागे वाचलं जाईल." मला त्याचीच काळजी वाटली. मी मेल्यावर मेहुणा कोणाला मारणार?

म्हणून परवा मी कलम सहा प्रथम बायकोला वाचून दाखवले. ती म्हणाली, "छत्तीस वर्षं माझा भाऊ उंबऱ्यात उभा राहिला. आणि मी विचारलं की तुम्ही म्हणायचात, मूळव्याध असेल त्याला." माझ्यासाठी आणलेला चहा तिने माझ्यासमोर स्वतः पिऊन टाकला. त्यानंतर फोन आणून माझ्या हातात दिला.

"दाजी? कोण गेलं?" मेहुण्याने विचारले.

"कोणी नाही. रविवारी ये. कपाट हलवायचंय."

"पोरं पाठवतो माझी, कामावरची. ट्रक पण पाठवतो."

"पोरांचं काम नाही. जुनं आहे. छत्तीस वर्षांपूर्वीचं."

त्याने विचारले, "खाली कोण?"

"मी खाली."

"अकराला येतो," म्हणाला आणि फोन ठेवला.

८. रविवारी अकरा वाजता मेहुणा येईल. उंबऱ्यासमोर खुर्ची मांडली आहे, हाताची, भक्कम. पट्टा टेबलावर राहील. मी त्याला बस म्हणेन आणि या वेळी वाक्य पूर्ण करीन. मग कलम सहा मी स्वतः वाचीन. तो बसला तर बायको चहा दोघांना देईल, असे तिने कबूल केले आहे. त्याने हात उचलला तर मी माझे हात खाली ठेवीन. मुलीने त्या दिवशी दवाखाना उघडा ठेवावा.

मी पडलो तर मला कोणी उचलायला धावू नये. आठपर्यंत.

ठिकाण: राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक: अठ्ठावीस तारीख, शुक्रवार

सही: कपाट (सरकारी नावाची सही खाली वेगळी केली आहे)

साक्षीदार पहिले: तळमजल्यावरचे घड्याळजी. यांनी वेळ टाकली आहे, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे. रविवारी आकडे हेच मोजतील.

साक्षीदार दुसरे: समोरचे लाँड्रीवाले. यांनी सही करण्यापूर्वी विचारले, "टॉवेल लागेल का?" लागणार नाही, असे त्यांना सांगितले आहे.