दाजी आतच होता

रविवार, २ डिसेंबर १९५६

नवं चित्र लागलंय. खुन्याचं! एक साधा कारकून, रस्त्यात भेटलेल्या भल्या दिसणाऱ्या गृहस्थाला घरी आणतो. तो निघतो खुनी. मग कारकुनाला ना त्याला घालवता येत, ना कुणाला सांगता येत. पिटातली, पुढच्या बाकांवरची माणसं ओरडत होती — अरे पळ, पळ! मी आपला दारात उभा राहून तुकड्यातुकड्यानं बघितलं. डोअरकीपरला अख्खं चित्र कधी दिसतंय!

तीनच्या खेळाला दाजी आला होता, मचवेवाला. जाहिराती संपतायत तोवर उठून बाहेर. "डोका दुखतंय रे भिवा. जरा वाऱ्यावर जातो." खेळ सुटला तेव्हा गर्दीत पुन्हा हजर, घामाघूम. म्हणाला, झक्क आहे हां चित्र! मी हसलो. न बघताच झक्क!

सोमवार, ३ डिसेंबर

गुणवंती गेली. दाजीची बायको.

काल दुपारी मिऱ्याच्या खडपात कालवं काढायला गेली होती. ओहोटी मोठी, अवसेची. बाकीच्या बायका लवकर परतल्या, ती मागे राहिली. आज सकाळी रापण ओढणाऱ्या कोळ्यांना सापडली. डोक्याला मागून मार. शेवाळावरून घसरली आणि मग भरतीनं नेली, असं सगळे म्हणतायत.

तिची आई आवडाबाई आऱ्याहून आली. रडली नाही. पोरीच्या केसांत वाळू अडकली होती, ती बोटांनी काढत बसली. बायका म्हणाल्या, उचलायची वेळ झाली गो. ती म्हणाली, "थांबा. अजून हाय वाळू."

मंगळवार, ४ डिसेंबर

दाजी थेटरात आला. मला बाजूला घेतलं.

"फौजदार इचारतायत कुठं व्हतास. मी आतच व्हतो म्हणून सांग. पहिल्यापासून शेवटपर्यंत. मांडवीच्या बंधाऱ्यावर एकटा बसलेलो, ह्यावर कोण इश्वास ठेवील?"

मला त्यात वावगं वाटलं नाही. बायको गेलेल्या माणसाला उगाच का छळायचं? आणि दाजीला मी नाही कसं म्हणू? त्याच्या मासे धरायच्या मचव्यावर दोराच्या विळख्यात पाय सापडून मी समुद्रात ओढला गेलो, तेव्हा कोयती तोंडात धरून उडी टाकणारा तोच. पाय गेला, जीव राहिला. थेटरातली ही नोकरीसुद्धा त्यानंच शब्द टाकून दिली.

दुपारी फौजदार आले. मी म्हणालो — आतच होता. मालक शेजारी उभे होते. त्यांनी मान हलवली. संपलं.

शुक्रवार, ७ डिसेंबर

आवडाबाई आली होती. थेटराच्या पायरीवर बसून राहिलेली. आत ये म्हटलं तर नको म्हणाली.

"पोरी सांगायच्या, गुणवंतीला मारतो म्हणून. माझ्या मनात वाईट आला. पण तू बघितलास ना त्याला आत?"

"होय."

"तुझ्या डोळ्यांनी?"

"होय, आवडाबाई."

मग उठली, माझ्या तोंडावरून हात फिरवला. "मग झाला. पोरीचा नशीब. आता जावयाबद्दल वाईट मनात नाय आणायची." तिच्या हाताला कालवांच्या शिंपांचे चरे. गालाला खरखरीत लागले.

संध्याकाळचा खेळ उभ्यानं निघाला नाही. स्टूल मागून घेतलं.

गुरुवार, १३ डिसेंबर

जेवण जात नाही. आईला वाटतं पोट बिघडलंय. ओव्याचं पाणी!

रविवार, २३ डिसेंबर

लिहू की नको? पण लिहिल्याशिवाय डोकं फुटेल.

सकाळी दाजी मला मचव्यावर घेऊन गेला. पाय गेल्यापासून पहिल्यांदाच. म्हणाला, समुद्राचं भय धरून किती दिवस जगशील? मला बरंही वाटलं. शीड भरलेलं, ऊन कोवळं, किल्ल्याचा दिवा मागे पडलेला. खलाशी पुढच्या टोकाला जाळं पसरत होते. दाजी सुकाणूपाशी. इकडचं तिकडचं बोलता बोलता, तसल्याच आवाजात —

"ओरडली नाय रे. मला वाटलेला, ओरडंल."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

मी त्याच्याकडे बघायला तयार नाही. तो सांगतच राहिला. सायकलवरून मिऱ्याला गेला. ती वाकून कालवं काढत होती. त्याला बघून हसली. "आलास? पाटी धर जरा," म्हणाली. पोर होत नव्हतं, सोडून माहेरी जा म्हटलं तर जात नव्हती. दुसरी करायची तर आता कायदा आड येतो. त्यानं नुसतं हेच सांगितलं. शेतातलं झाड का तोडलं ते सांगावं तसं!

"मला कशाला सांगतोस?" एवढंच तोंडातून निघालं.

"कुणाला तरी सांगितल्याबिगर झोप येईना. तू माझा माणूस. पाण्यातून काढलेला. आणि बोलून जाशील कुठं? आत व्हतो म्हणून तूच तर सांगितलंस."

परत येताना त्यानं मला हात धरून धक्क्यावर उतरवलं. सांभाळून, म्हणाला. सुरमई दिली, मोठी. आईनं तळली. तुळसानं — माझी बहीण — दोन तुकड्या जास्त खाल्ल्या. माझी तुकडी मी परसात मांजराला टाकली.

सोमवार, २४ डिसेंबर

आवडाबाईचा हात गालावरून जात नाही.

रविवार, ६ जानेवारी १९५७

त्या चित्राचा शेवटचा दिवस. आज मालकांना सांगून आत बसलो. अख्खं बघितलं. कारकून शेवटी पोलिसांकडे जातो. साहेब त्याला खुर्ची देतात, पाणी देतात, खांद्यावर हात ठेवतात. खुन्याला बेड्या. टाळ्या.

दाजी माझ्या शेजारी येऊन बसला होता. कधी आला कळलंही नाही. टाळ्या तोही वाजवत होता.

सोमवार, १४ जानेवारी

संक्रांत. दाजी तिळगूळ घेऊन आला. आईच्या पाया पडला. मग म्हणाला, घरात चूल पेटवायला कुणी नाय, तुळसाला मागतो, हुंडा नको, नारळ नि मुलगी द्या. आईच्या डोळ्यांत पाणी! स्वतःचा मचवा असलेला माणूस लंगड्या डोअरकीपरच्या बहिणीला मागतोय.

तुळसा आत पळाली. दाराच्या फटीतून तिचे डोळे दिसले. आनंद लपत नव्हता.

दाजी मला म्हणाला, "काय रे म्हेवण्या!" आणि पाठीवर थाप मारली.

बुधवार, १६ जानेवारी

आईला नको म्हटलं. का? सांगता येईना. आई म्हणाली, ज्यानं तुझा जीव वाचवला त्याला नको म्हणतोस? कृतघ्न मेल्या!

तुळसाची भांडी घासून झाली, हात पुसले आणि मग म्हणाली, "पायामुळं तुला कुणी पोरगी दिली नाय. म्हणून मीपण तशीच राहू काय?"

खरं सांगितलं तर? ती सरळ जाऊन त्यालाच विचारील. मग तो तिचं काय करील!

शनिवार, १९ जानेवारी

चौकीवर गेलो. बाकावर बसवून ठेवलं. फौजदार जेवून आले. सगळं सांगितलं.

ते सुपारी कातरत ऐकत होते. "म्हणजे तेव्हा खोटं बोललास. की आता बोलतोयस? बहिणीचं लग्न मोडायचंय म्हणून? दाजी सकाळीच सांगून गेला, म्हेवणा भांडतोय."

मी म्हटलं, साहेब, देवाशपथ.

"प्रेत जाळलं. प्रकरण मिटलं. आता लिहून घेतो म्हटलं तर आधी तुला आत टाकायला हवं. टाकू? आई-बहिणीला कोण बघील? जा घरी. विचार करून ये."

खुर्ची नाही. पाणी नाही. आणि मी — घरी आलो!

रविवार, २० जानेवारी

आऱ्याला गेलो. तरीच्या होडीतून खाडी ओलांडली, पुढे कुबडी घेऊन वाळूतून. आवडाबाई अंगणात बांगडे वाळत घालत होती. एकटीच राहते. नवरा कधीच गेला, एकच पोर होती.

उभ्यानंच सांगितलं. बसलो असतो तर बोललो नसतो. दाजी आत नव्हता. मी खोटं बोललो. मचव्यावर तो काय म्हणाला तेही सांगितलं. 'पाटी धर जरा'सुद्धा. ते सांगायला नको होतं का? पण तिच्या पोरीचे शेवटचे शब्द माझ्याकडे ठेवून मी काय करू?

तिनं बांगडे घालणं थांबवलं नाही. ओळ पुरी केली. मग, "फौजदाराला सांगितलास?"

"ऐकत नाहीत."

"बरा."

मी तिचे पाय धरायला वाकलो. तिनं पाय मागे घेतले. "पेज हाय. खाऊन जा. लांब जायचा हाय तुला." पेज वाढली, वर सुकट घातली. मी खाल्ली. समोर बसून होती, पण माझ्याकडे बघत नव्हती.

रविवार, २७ जानेवारी

आईनं लग्न पक्कं केलं, बातमी आऱ्यापर्यंत गेली, आणि आज आवडाबाईचा निरोप आला. दाजी-तुळसानं पुढच्या रविवारी जेवायला यावं. तुळसाची ओटी भरणार, गुणवंतीच्या जागी लेक मानणार!

दाजी खूश. "म्हातारीचा मन मोठा हां!" आई डोळे पुसतेय. म्हणजे माझ्या बोलण्यावर आवडाबाईनं विश्वासच ठेवला नाही. पूर्वी माझ्या खोट्यावर ठेवला, आता खऱ्यावर नाही. बरोबरच आहे. का ठेवावा?

तुळसा हिरवं पातळ काढून पुन्हा पुन्हा घडी घालतेय.

रविवार, ३ फेब्रुवारी

दाजी मेला.

तुळसाला तरीवाल्यानं घरी पोचवलं. आईनं मांडीवर घेतलं तेव्हा कुठे बोलली. ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. मग आवडाबाईनं दाजीचं एकट्याचं पान वाढलं. माशाचं तिखलं, लालभडक. तुळसानं विचारलं, मला? "तुला नाय गो बाय. लेक पहिल्यांदा आली की गोडाचा खाते." तिला दूध-गूळपोहे दिले. दाजीनं दोनदा मागून घेतलं. म्हणाला, मावशे, तुझ्या हाताला चव हाय.

तरीत बसल्यावर म्हणाला, ओठ बधिर झालेत. मग हसला. मग जीभ जड. मग हात उचलेना. डोळे उघडे, सगळं कळतंय, पण बोलता येत नाही. तुळसानं त्याचं डोकं धरलं होतं. ह्या काठाला लागेपर्यंत श्वास थांबला.

तरीवाला म्हणाला, केंड मासा पोटात गेला असणार. केंड जाळ्यात आला तर आमच्यात कुणी घरी नेत नाही, परत पाण्यात फेकतात. विष असतं त्यात. आवडाबाई तर समुद्राकाठीच जन्मलेली. चुकेल कशी?

दाजीनं मला पाण्यातून काढलं होतं. हे पण आज आठवतंय. रडू आलं. कुणासाठी ते कळत नाही.

सोमवार, ४ फेब्रुवारी

आवडाबाई सकाळीच आपल्या पायांनी चौकीवर येऊन बसली. मी बाहेर गर्दीत होतो.

फौजदारांनी विचारलं, "दाजीनं मारलं, हे तुला कुणी सांगितलं?"

तिनं मला बघितलं होतं. नक्की बघितलं होतं. म्हणाली, "कुणी नाय. म्हातारीच्या मनात आला, म्हणून केला."

म्हणजे तिला फाशी, आणि मी सुटलो!

तुळसाला सगळं सांगितलं आत्ता. तिनं माझा धुतलेला सदरा आणून दिला. चौकीवर निघालोय.