खालचे दोन दात

कळंब, ता. कर्जत
१२ ऑगस्ट १९८६

अहो,

पाकिटावर तुमचं नाव पोस्टमनसाठी लिहिलंय, इथे माझ्यापुरतं एवढंच. नमस्कार. इकडे सगळं खुशाल, मस्कतला तुम्हीही असाल. भाताची लावणी उरकली. गाय व्यायली. लाथ मारून माझे खालचे दोन दात पाडल्यापासून तिची मस्ती जिरलीय.

फोटो मागितलात. पाठवते, पण तोंड मिटलेलाच. मागे कळवलं होतं ना, दादरच्या डॉक्टरांनी जबड्यात दोन स्क्रू बसवलेत, त्यांवर पक्के दात येणार म्हणून? येणार होते.

आता खरं सांगते, रागावू नका. टाके ओले होते तेव्हा शेजारची जिजा म्हणाली, "वैनी, मिसरी लाव गं. घाव सुकतो. आमी नाय का लावत?" मी लावली. रोज सकाळी लावली. डॉक्टरांनी तंबाखू खायची नाही असं बजावलं होतं, पण मी खात कुठे होते? हिरडी सुजली, पू झाला, एक स्क्रू जिभेनं हलायला लागला.

सोमवारी भाऊ दादरला घेऊन गेला. डॉक्टर खूप ओरडले. दोन्ही स्क्रू काढले, आतून खरवडून साफ केलं, नवे टाके घातले. आता कॅप्सुला आणि मिठाच्या पाण्याच्या चुळा चालू आहेत. मिसरीचा डबा मी उकिरड्यावर फेकला. हाड भरलं की सहा महिन्यांनी पुन्हा बसवू म्हणतात.

खालचा ओठ मात्र एका बाजूनं बधिर आहे. हळूहळू जाग येईल म्हणाले. तोवर जेवताना शीत चिकटलं तरी मला कळत नाही. तुम्ही समोर असता तर म्हणाला असता, "पूस गं." तेवढं ऐकायला जीव तळमळतो माझा.

हे लपवलं, कारण तुम्हाला मी ओळखते. वाचलंत की उठाल आणि माझ्या दातांसाठी तिथल्या नोकरीच्या आणखी दोन वर्षांच्या कागदावर सही कराल. मागे घराच्या कौलांसाठी केलीत, तशीच. करू नका हो. कर्जतला काढता-घालता येणारे दात मिळतात, ते लावीन. नाहीतर फट दाखवत हसेन. दात हवे होते ते तुमच्यापुढे हसायला. तुम्हीच नसाल तर पक्के दात घेऊन काय करू?

दिवाळीला या. परत जाण्याचं तिकीट काढू नका.

दोन दात कमी असलेली,
तुमचीच
विमल