उंबऱ्यावरचे निरोप

तात्या,

आईनं तुमच्यासाठी एक निरोप दिला आहे. तो शेवटी सांगते. त्याआधी काय झालं ते आख्खं सांगायला हवं, कारण मधलं गाळलेलं तुम्हाला कधीच चाललं नाही.

कळसच्या आपल्या घरात मी बोलायला शिकले ती तुम्हा दोघांच्या मधे उभी राहून. आबा आजोबांच्या देखत तुम्ही नवरा-बायकोनं एकमेकांशी बोलायचं नाही, अशी रीत होती. पुढे आबा गेले, पण रीत घरातच राहिली. तुम्ही अंगणात शेवग्याखालच्या बाजेवर, आई चुलीपाशी आणि उंबऱ्यावर मी. दोघांनाही एकमेकांचं सगळं ऐकू येत असे. तरी आई मला म्हणायची, "तुझ्या तात्यांला इचार, भाकरी टाकू का दमानं?" मी तुमच्याकडे वळून विचारायची. तुम्ही म्हणायचा, "दमानं म्हणावं." मी परत आईकडे वळायची. एके दिवशी आई भडकलेली आहे. "सांग त्यांला, मीठ संपलंय म्हणून कवाधरनं कोकलतीय. कान हायेत का कणसं?" मला भीती वाटते. मी एवढंच सांगते, "तात्या, मीठ संपलंय." तुम्ही माझ्याकडे रोखून बघता. "आन् कणसाचं कुठं गेलं?" आत आई पदर तोंडात धरून हसते आहे. तुम्ही मात्र हसत नाही. "आख्खं सांगायचं, पोरी. मधलं तूच खाल्लंस तर आमी दोघांनी बोलायचं कसं?" संध्याकाळी तुम्ही मीठ आणलंत, माझ्यासाठी शेवेची पुडी आणलीत, आणि मिठाची पिशवी माझ्या हातात देत म्हणालात, "तिला म्हणावं, कणसांनी मीठ आणलंय." तेव्हापासून मी एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. अजूनही कुणी काही सांगितलं की झोपायच्या आधी मनात म्हणून बघते, मी सांगताना काही राहिलं तर नाही ना.

तुमचा शेवटचा निरोपही मी पोचवला होता. मी दहावीत होते. बारामतीच्या दवाखान्यात आई तुमच्या पायथ्याशी उभी होती, आणि तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, "तिला म्हणावं, बस की जरा. कवाची उभी हाय." मी म्हणाले, "आई, बस की जरा, म्हणतात. कवाची उभी हायस." बसायला तुमच्या खाटेची कड तेवढी होती, आणि चार लोकांसमोर आई तिथे बसली नाही. उभीच राहिली. सकाळी तुम्ही नव्हता.

आता मी बारामतीतच नोकरी करते, रविवारी गावी जाते. मध्यंतरी ऑफिसात पुण्याहून एक बाई आल्या होत्या, लोकांशी कसं बोलावं ते शिकवायला. त्यांनी फळ्यावर 'संस्कृती' असं लिहिलं आणि विचारलं, म्हणजे काय? कुणी पुरणपोळी म्हणालं, कुणी नऊवारी. मला आपला उंबरा आठवला, पण ते सांगता येईना. मग त्या म्हणाल्या, समोरच्याच्या डोळ्यात बघून थेट बोलायचं, मधे कुणाला घालायचं नाही. सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. मी पाण्याच्या बाटलीकडे बघत बसले. मधे कुणी नको असेल तर मी कुठे उभी राहू, असं काहीतरी मनात येत होतं.

दिवाळीपासून आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकायला लागला. एका रविवारी ती गाईची धार काढता काढता थांबली. "तितं बाजंवर कोण बसलंय, दिसतंय का तुला?"

"कोण न्हाय, आई."

"पांढरं दिसतंय. बंडी घालून बसल्यावाणी." मी तिच्याकडे वळून बघितलं, तशी म्हणाली, "खुळी न्हाय मी. गेलेत ते ठाव हाय मला. पर दिसतंय त्याला काय करू?"

त्या दिवसापासून ती चहा घेताना तोंड बाजेकडे करून बसायची. मीही बाजेला वळसा घालून जायला लागले. डॉक्टर म्हणाले, लवकर ऑपरेशन करा, नाहीतर नजर जाईल. आईनं घरी आल्यावर विचारलं, "आपरेशन झाल्यावर सगळं लख्ख दिसतं?"

"व्हय."

"म्हंजी नसलेलं दिसायचं न्हाय."

तिनं गाईपुढे वैरण टाकली, हात झटकले, आणि कितीतरी वर्षांनी त्याच आवाजात म्हणाली, "तुझ्या तात्यांला इचार."

मी उंबऱ्यावरून उतरले. बाजेपाशी गेले, उभी राहिले, परत आले. म्हणाले, "करून घे म्हणाले."

आई खाली बघत म्हणाली, "बरं."

परवा ऑपरेशन झालं. काल तिला घरी आणलं. काळा चष्मा लावून ती अंगणात उभी राहिली आणि बाजेकडे बघत राहिली. शेवग्याची फुलं सुंभावर पडली होती. "न्हायत," ती म्हणाली. मग सावकाश चालत गेली, हातानं फुलं झाडली, आणि तुमच्या बाजेवर बसली. ती तिथे कधी बसल्याचं मला आठवत नाही.

"त्यांला सांग," ती म्हणाली, "बसले म्हणावं."

हाच तो निरोप. दिला तसा सांगितला आहे.

हे पत्र घडी करून बाजेच्या सुंभात खोचणार होते, पण आईला आता लख्ख दिसतं. म्हणून ते माझ्याजवळच राहील. आणि 'करून घे' हे तुम्ही म्हणाला नव्हता, तात्या. त्या दिवशी बाजेपाशी मी तोंडच उघडलं नाही. तुम्ही नको म्हणाला असता, तर ते मला आख्खं सांगावं लागलं असतं.