छातीच्या उंचीवर

कुल्लू,
ज्येष्ठाचा शेवटचा आठवडा

प्रिय निरमू,

सर्वप्रथम, तू परवा माझ्या पिशवीत कोंबलेल्या स्वेटरविरुद्ध ही रीतसर तक्रार दाखल करून घ्यावी. बाह्या बोटं गिळतात आणि खालचा काठ गुडघ्यांची विचारपूस करतो. माप तू बाबांच्या कोटावरून घेतलंस हे उघड आहे. व्याकरणात ऱ्हस्वाचं दीर्घ करायला नियम आहेत. पन्नाशीतल्या माणसासाठी पाठशाळेत तसा एकही नियम मला कुणी शिकवला नाही.

बरं, बुटका ठरवणारी तू पहिली नाहीस. त्याआधी वरच्या जंगलात झाडांनीच माझी शोभा केली होती. तुमच्या घराच्या डोक्यावरचे देवदार मोजायचं वनखात्याचं काम यंदा माझ्याकडे आलं. उभ्या झाडात किती लाकूड आहे हे काढायचं, तर उंची घ्यायची आणि चढाच्या बाजूला उभं राहून छातीच्या उंचीवर खोडाला फीत गुंडाळायची. बाबा वनरक्षक असताना त्यांनी याच झाडांना त्या जागी लाल पट्टे रंगवले होते, पुढच्यानेही तिथेच मोजावं म्हणून. पट्ट्याची दोन टोकं जुळली की ओल्या रंगावर ते अंगठा दाबायचे. तोच अंगठा घेऊन घरी यायचे, तुझ्या गालाला लावायचे, आणि वाफवलेल्या सिड्डू-रोट्या उतरवणारी आई चुलीपासून ओरडायची, "आधी हात धुवा, मग सिड्डूला शिवा!"

तर पहिल्याच झाडाशी गेलो आणि बाबांचा अंगठा माझ्या डोळ्यांसमोर आला. छातीसमोर नव्हे. माझ्याबरोबरचा वनरक्षक तुलेराम पोट धरून हसला. "पंडितजी, संस्कृत शिकून माणूस झिजतो काय हो?" मीही हसलो. दुसऱ्या झाडाशी तेच, तिसऱ्याशी तेच. मग त्याने खात्याची मापाची काठी लावली, बाबांनी पट्टे मारले तेव्हाचीच. तिचं टोक पट्ट्याच्या वीतभर खाली राहिलं. मी झिजलो असेन, निरमू. काठी कशी झिजेल? आणि झाड वाढतं ते शेंड्याला. खोडावरचा पट्टा काही वर चढत नाही.

तुलेरामने नियमाला धरून काठीच्या टोकाशी नवा पट्टा मारला आणि तिथे फीत लावली. बुंध्याकडे खोड जाडच असतं. साहजिकच हिशेबात लाकूड भरघोस वाढलं. आमचे साहेब खूश. "जंगल काय पोसलंय, पंडितजी!" मी म्हटलं, "साहेब, झाड जाड झालं नाही, आपण खाली उतरलोय." "मग खड्ड्यात उभं राहून मोजता कशाला?" म्हणाले आणि चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच वर गेलो. धुकं होतं, खोडं दिसत नव्हती, नुसते लाल पट्टे दिसत होते, ओळीने. प्रत्येक पट्ट्यामागे बाबा उभे आहेत असं वाटलं. ती त्यांच्याच छातीची उंची. मग मी खाली पाहिलं. त्यांचे पाय जिथे टेकायला हवेत तिथे जमीनच नव्हती. बाबा सगळीकडे अधांतरी उभे होते. मी वाळक्या पानांचा थर सारला आणि उघड्या मुळाखाली काठी घातली. मुठीपर्यंत आत गेली, तळ लागला नाही. आतून पाणी वाहिल्याचा आवाज येत होता.

माती गेली कुठे, ते तुझ्याकडे उतरल्यावर कळलं. भावोजींनी हौसेने घरामागे नेलं आणि भिंतीला टेकून आलेली नवी सपाटी दाखवली. "बघा मेहुणेबुवा, लोक पाठीवर किल्टे भरभरून माती वाहतात, आम्हाला देवतेने घरपोच दिली!" सफरचंदाची रोपंही लावलीत त्यावर. मी तोंड उघडणार तोच म्हणाले, "पंडितजी, देवळातल्या गुराला, आपल्या भगताला, विचारून झालंय. देवता त्याच्या अंगात आली तेव्हा म्हणाली, घर शाबूत आहे." आत जेवायला बसलो तेव्हा तू तुपाची वाटी पुढे केलीस, स्वयंपाकघराचं दार टाचेने ढकललंस, तरी ते लागेना. "पावसाने फुगलंय मेलं," म्हणालीस.

निरमू, यंदा पाऊस अजून पडलेलाच नाही.

मागची भिंत आत आली आहे, म्हणून दार लागत नाही. हे तिथेच बोलायला हवं होतं. पण मी काही म्हटलं की तुम्ही सगळे आधी हसायच्या तयारीत असता, ही सवय मीच लावली. वर लेखी कळवलं आहे, ते कोण कधी वाचेल ठाऊक नाही. आषाढ लागायच्या आत मुलांना आणि गाईला घेऊन माझ्याकडे ये. भावोजी अडवतील. त्यांना सांग, दादा आजारी आहे, झोप येत नाही त्याला. ते खोटंही नाही. डोळे मिटले की मला तुझी टाच दारावर आपटलेली ऐकू येते, आणि मग दारापलीकडून कुणीतरी परत ढकलतं. मला फार भीती वाटते आहे, निरमू. ये.

तुझाच,
भवानीदादा