रोवणीवाल्या बायांची फायनल

आंधळगाव, ता. मोहाडी
१९ जानेवारी

आदरणीय संघपालदादास,

धाकट्या बहिणीचा सप्रेम जयभीम. आम्ही सगळे बरे आहोत. आईच्या दम्याच्या गोळ्या संपत आल्या असतील, त्या आणाव्यात. तुझं पित्त कसं आहे? परवा फोनवर ओरडलास त्यावरून वाढलेलंच वाटलं. सेहेचाळीस वर्षांची बाई चड्डी घालून फुटबॉल खेळते, खेळ सोड नाहीतर माझ्या कारध्याच्या दारात पाय ठेवू नको, असं म्हणालास. (चड्डी नव्हती, पोराची ट्रॅकपँट होती.) आई तुझ्याकडे राहते, म्हणजे तिचीही भेट बंद, म्हणून फोन ठेवल्यावर मी रडले. मग तोंड धुतलं आणि सरावाला गेले. जिल्ह्याच्या संघात गोलकीपर म्हणून माझी निवड झाली आहे आणि मी खेळणार आहे.

तू दर आठवड्याला शनिवारपर्यंत नागपूरला नोकरीवर, त्यामुळे गुरुवारची मोहाडीची फायनल तुला फोटोवरूनच कळली. खरी हकीकत ऐक. समोर तुमच्याच कारध्याच्या बाया होत्या. आमचा संघ म्हणजे आमची धानाच्या रोवणीची टोळी, कप्तान बायजाबाई (वय पंचावन्न, गुडघे त्याहून जुने). शाळेचे गुरुजी महिनाभर पुढे पळा म्हणून घसा फोडत होते. बायजाबाई म्हणाल्या, "पुढं गेलो तं रोवलेलं तुडवल्या जाते ना गुरुजी. आमी जलमभर मागंच सरकून राहिलो." झालं तसंच. शिट्टी वाजली आणि दहाही जणी एका रांगेत, कंबरेत वाकून, मागे सरकू लागल्या. रांगेत चेंडूला फट म्हणून सापडेना. मध्यांतरापर्यंत सगळ्या माझ्याजवळ आल्या, त्यानंतर काही जणी जाळीतच. कारध्याचा प्रत्येक चेंडू कोणाच्या ना कोणाच्या पाठीवर बसे. आम्ही मधली रेघ एकदाही ओलांडली नाही, तेव्हा आमचाही गोल झाला नाही. गुरुजी डोकं धरून बसले होते.

मग पेनल्टी आली. तिथे रांग चालत नाही हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. चार-चार झाले. बायजाबाईंनी जन्मात पहिल्यांदा पुढे पाय टाकला आणि चेंडू खांबाला लागला. कारध्याची शेवटची बाई माझ्या डोळ्यात बघून उजवीकडे वळली आणि तिने चेंडू डावीकडे मारला. मी उजवीकडे पडले. तुझ्याकडे आलेला फोटो तो. कप गेला. पण सकाळी आम्हाला हसणारे गावचे पुरुष शेवटी आमच्या नावाने ओरडत होते, आणि हरूनही मी घरी गाणं म्हणत गेले. दादा, इतकं बरं मला कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं. म्हणून सोडणार नाही.

तुझी,
सरिता

ता. क. : जिल्ह्याची मॅच पुढच्या रविवारी सकाळी सात वाजता भंडाऱ्याला आहे. इथून पहाटे गाडी नाही. कारध्याहून भंडारा जवळच, तेव्हा शनिवारी मुक्कामाला तुझ्याचकडे येते.

दुसरा ता. क. : तो शेवटचा गोल रितावहिनीने मारला. तुला सांगायला ती घाबरते, म्हणून मी लिहिते. तिचीही निवड झाली आहे. दार बंद करायचंच असेल तर आम्हा दोघींना बाहेर ठेवून कर. आईसुद्धा मॅच बघायला येणार आहे. रविवारचा स्वयंपाक तुलाच करावा लागेल.